शस्त्राचा परवाना आणि नागरिकाची पत



सोनगीर म्हटले की डोंगरावरचा किल्ला आणि तांबटांच्या हातोड्यांचा नाद आठवतो. किल्ल्याजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. तोच पुढे शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटात शिरतो. नागरिकाने शस्त्र बाळगावे की नाही, हा आजचा विषय या रस्त्याच्या इतिहासातूनच नीट उलगडतो.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. नुसत्या फौजेच्या बळावर भिल्लांचा बंदोबस्त होईना, म्हणून १८२५ मध्ये औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली. काल ज्यांना बंडखोर म्हटले त्यांच्याच खांद्यावर सरकारी बंदूक आली. घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. १८५७ च्या धामधुमीत तोच उठला, सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली. गरज पडली तेव्हा सरकारने शस्त्र दिले, भीती वाटली तेव्हा काढून घेतले. दोन्ही वेळा भिल्लाला कोणी विचारले नाही.

हीच वृत्ती पुढे कायद्यात उतरली. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने प्रजेचे हात. या शस्त्रकायद्याच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला यांबरोबर धनुष्यबाणही होते! सातपुड्यातल्या माणसाचे पिढीजात हत्यार असे कायद्याच्या कक्षेत आले. सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता, आणि नियमांनी युरोपियनांना ती सरसकट मिळाली. रिपनने १८८२ साली वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला, शस्त्रांचा मात्र तसाच राहिला.

त्याविरुद्ध प्रथम आवाज उठवला तो अर्ज-विनंत्या करणाऱ्या सौम्य, उदारमतवादी पिढीने, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ठराव करून सांगितले की, या कायद्याने लोकांचे हाल होतात आणि त्यांच्या निष्ठेवर विनाकारण कलंक लागतो. त्यांना बंदुकांची हौस नव्हती. एकाच गावातल्या गोऱ्याला जे मोकळे, ते काळ्याला बंद का, असा त्यांचा सवाल होता. सवलत धन्याच्या मर्जीवर असते, हक्क कायद्याच्या आधारावर उभा राहतो. त्यांना हा आधार हवा होता.

पुढे १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९३० साली आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी, लोकांच्या नियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने मागितले होते.

मग स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटनासमितीत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. बाजारात जाऊन कोणीही हवे ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. शांततेने आणि निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क मात्र घटनेने दिला. कित्येकांना हे वचनभंगासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. परक्या राजाच्या अविश्वासाविरुद्ध मागितलेली गोष्ट, स्वतःच्या शेजाऱ्याचा विचार करून पुन्हा तोलावी लागते. गावात ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि माणसे, त्याच्याकडेच बंदुकाही आधी येणार. अनिर्बंध हक्काने दुबळ्याचे रक्षण होईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

जुनी मागणी वाया गेली नाही, याची साक्ष १९५९ चा शस्त्रकायदा देतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वरातीत बेदरकारपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

तेव्हा उदारमतवाद्याने आज काय मागावे? बंदुकांची संख्या वाढावी, हे नव्हे. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेला शेतकरी आणि पुढाऱ्याचा भाचा एकाच कचेरीत अर्ज घेऊन उभे राहिले, तर दोघांना एकच कसोटी लागावी. नकार मिळालाच, तर त्याचे कारण कागदावर यावे. आणि ज्याच्या घरी शस्त्र नाही, त्यालाही रात्री निर्धास्त झोपता यावे. १८८७ च्या मंडळींनी मागितलेली पत हीच होती. ती प्रत्येकाच्या वाट्याला येते की नाही, यावर पहारा ठेवणे आता आपले काम आहे.