तोल सावरणारा सुधाकर

दिवाळीच्या फराळाबरोबर दारूची गोष्ट काढतो आहे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. पण चांगला नट कशाने होतो, हा प्रश्न मनात आला की मला गणपतराव बोडस आठवतात, आणि बोडस आठवले की 'एकच प्याला' काही टळत नाही.

बालगंधर्वांची एक हकीकत आपल्याकडे घरोघर सांगतात. १९११ साली 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. तरी त्यांनी खेळ बंद ठेवू दिला नाही, भामिनी उभी केली. ऐकताना आजही घसा दाटतो. परंतु ती कर्तव्याची गोष्ट झाली. असा प्रसंग गिळून एखादा सुमार नटही उभा राहील, आणि काम सुमारच करील.

त्याच 'मानापमाना'त बोडस लक्ष्मीधर झाले: पैशाने मोठा, छातीने भित्रा. पुढे १९१६ साली 'संशयकल्लोळा'त बायकोवर वहीम घेणारा फाल्गुनराव. आणि १९१९ साली, गडकरी वारल्यावर थोड्याच दिवसांत रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याल्या'त सुधाकर! आठ वर्षांत ही तीन माणसे, आणि तीही संगीत मंडळीत, जिथे लोक गाण्यासाठी रात्र जागवीत. बोडसांचे नाव काही गाण्यासाठी झालेले नव्हते. १९४० साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्यालाही नाव दिले 'माझी भूमिका'.

फाल्गुनरावाला आपण हसतो. तो स्वतः मात्र हसत नाही. त्याला आपला संशय खराच वाटतो, रात्रीची झोप उडवण्याइतका खरा. नटाने प्रेक्षकांबरोबर विनोदाची चव घेतली की फाल्गुनराव मेलाच म्हणून समजा! सुधाकराचेही तेच. तो हुशार वकील आहे, मानी आहे. आपण दारुडे आहोत हे त्याला कुणाला दिसू द्यायचे नाही. झोकांड्या खाणे सोपे. त्या लपवणारा माणूस दाखवणे, ही खरी परीक्षा.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी या नाटकातला एक प्रवेश बसवला. तालमीत एक पोरगा असा काही लडखडला, की सगळी हसून लोळली. मी त्यालाच सुधाकर देणार, एवढ्यात नववीतला एक अबोल मुलगा म्हणाला, "सर, असं नसतं." आणि तो चालून दाखवू लागला. अगदी सरळ, एकेक पाऊल बेताने टाकीत. सदऱ्याची गुंडी लावली, नीट लावली. शब्द सुटे सुटे, स्वच्छ उच्चारले. कुणी हसले नाही. मी खूष! त्याला काम दिले, चार लोकांत मिरवलेही.

संमेलनाच्या रात्री त्याची आई बायकांच्या बाजूला बसली होती. प्रवेश अर्ध्यावर असताना ती तोंडाला पदर लावून उठून गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओशाळून विचारले, "आई रागावली का रे?"

"नाही सर. एवढंच म्हणाली, मला वाटायचं तू तेव्हा झोपलेला असतोस."

पुढल्या वर्षी त्याने काम घेतले नाही. विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग केले.