माळ्यावरचा अँटेना आणि आपली संध्याकाळ



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ॲल्युमिनियमचा जुना अँटेना खाली आला. मी तो भंगारात टाकायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब गं, ह्यानंच तर आपल्या घरची संध्याकाळ बदलली." त्यावरून गप्पा निघाल्या, आणि पन्नास वर्षांत टीव्हीने घरातल्या बायकांच्या वेळेचं काय केलं, हे लिहून ठेवावंसं वाटलं.

भारतात दूरदर्शन सुरू झालं ते दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. वरळीहून प्रक्षेपण होई आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गच्च्यांवरचे अँटेने वरळीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला तोंड करून उभे राहत. वारा सुटला की अँटेना फिरे. मग एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात आणि एकजण टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं! अरे, गेलं!" सासूबाईंच्या डोंबिवलीच्या चाळीत पहिला शटरचा टीव्ही आला, तेव्हा सगळी चाळ त्या एका खोलीत जमायची. तेव्हा टीव्हीला लायसन्स लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं.

'गजरा', 'छायागीत', 'आमची माती आमची माणसं', शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी सिनेमा. चॅनल एकच, आणि वेळ त्याची. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, मग मंदिरात आरती, घरी आल्यावर सामायिक, असा संध्याकाळचा क्रम. टीव्ही नेमका त्याच वेळी सुरू व्हायचा. सासूबाई सांगतात, आधी आरती लवकर उरकू लागली, मग सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं जाहिरातींच्या वेळेत बसवायचे बेत सुरू झाले. आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत.

माझं बालपण ठाण्याचं. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडायचे. मंदिरात रविवारचं पूजन असलं, तरी साडेनऊच्या आत घरी परतायची सगळ्यांना घाई. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला 'महाभारत' आलं. एक भाग चुकला की चुकलाच, पुन्हा बघायची सोय नव्हती.

सोय नव्हती असंही म्हणता येत नाही. ती होती, पण महाग होती. घरी टीव्ही रेकॉर्ड करणारी यंत्रं जपानमध्ये तयार झाली होती. सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये आली. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी सोनीला कोर्टात खेचलं. लोक कार्यक्रम उतरवून घेतात ही चोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. १७ जानेवारी १९८४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की आपल्या सवडीने बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. आपल्याही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मोकळीक आहे. ते विकायचं किंवा वाटायचं मात्र नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआर आला तो बहुतेक वेळा भाड्याने, एका रात्रीपुरता, तीन सिनेमांसकट. ज्यांच्याकडे स्वतःचा होता, त्यांनाही टायमर लावता येत नसे. कॅसेटवर राहिली ती लग्नं आणि पंचकल्याणकं. वेळ आपल्या हातात देणारं यंत्र घरात होतं, पण आपण ते त्यासाठी वापरलंच नाही.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल फोफावली. इमारतीवरून इमारतीवर काळ्या वायरी गेल्या आणि गच्चीवरचे अँटेने उतरले. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, मुंबई दूरदर्शननंतर बरोबर वीस वर्षांनी. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं. मग रोजच्या मालिका, सातपासून दहापर्यंत. मंदिरातल्या महिला स्वाध्यायाची वेळ आम्ही दोनदा बदलली. पुढे स्वाध्यायच बंद पडला. त्यात मीही होते, हे कबूल करते.

३१ मार्च २०१३ ची मुदत आली, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवलीतही सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१९ पासून नवे दर लागले. तेव्हा १०० चॅनलपर्यंत नुसत्या जोडणीचेच १३० रुपये अधिक कर होते, पैशाचे चॅनल वेगळे. आम्ही बघायचो चार, बिल यायचं चाळीसचं. गेल्या वर्षी शेवटी केबल तोडली.

माझ्या मुलाला वाटलं, तोच जुना अँटेना पुन्हा लावू. पण दूरदर्शनने जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत, मोजके सोडून, बंद केले. २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो आणि चॅनल मोजकेच. म्हणून आम्ही डीडी फ्री डिशची छत्री लावली. ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही, आणि सह्याद्री वाहिनी मिळते.

करणाऱ्यांसाठी थोडं सांगते. छत्रीचं तोंड आपल्याकडे आग्नेयेला लागतं. वास्तूतली स्वयंपाकघराची दिशा, म्हणजे विसरायला नको! त्या बाजूला समोर उंच इमारत किंवा झाड नको. गच्चीवर लावायची तर सोसायटीला आधी विचारा. बॉक्स घेताना त्याला यूएसबी आणि रेकॉर्डिंग दोन्ही आहे का, हे दुकानातच चालवून बघा, कारण सगळ्यांत ते नसतं. साध्या चॅनलच्या तासाभराला साधारण दीड जीबी जागा धरा. बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हवर आठवड्याचं सहज मावतं. टायमर लावला तरी बॉक्सचं मेन स्विच चालू ठेवा. पहिल्या दिवशी मी ते सवयीने बंद केलं आणि काहीच उतरलं नाही.

आता सातला टीव्ही बंद असतो आणि बॉक्स आपलं काम करतो. आम्ही दोघी सामायिकाला बसतो. मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी, भाजी निवडता निवडता.

एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या लक्षात आली, माझ्या नाही. दोन महिन्यांत पेन ड्राइव्ह भरला. मी दुसरा मागवायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "बघून झालेलं कशाला ठेवतेस? हाही परिग्रहच की." तेव्हापासून दर चतुर्दशीला पेन ड्राइव्ह रिकामा करायचा असा नियम केला आहे. आणि अँटेना अजून माळ्यावरच आहे. तो काही त्या टाकू देत नाहीत!

तुमच्याकडे संध्याकाळी काय चालतं, तेही कळवा. जय जिनेंद्र.