नळीचे टोक कुठे आहे?
पोटातील औषधनळ्यांच्या कोडिंगविषयी

अमेरिकेत शल्यविशारदाच्या बिलाचा क्लेम पाच अंकी सीपीटी कोडवर चालतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली सुरू केलेली ही संहिता पुण्या-मुंबईतल्या कोडिंग कंपन्यांतही दिवसभर हाताळली जाते. पोटात औषध सोडणाऱ्या नळ्यांचे कोड मात्र तिथल्या मुरलेल्या कोडरलाही चकवतात. कारण साधे आहे. नजर उपकरणावर जाते आणि कोड ठरतो नळीच्या टोकावर.

कातडीखाली बसवलेले पोर्ट बाहेरून सगळे सारखेच दिसते. बीजांडकोशाच्या कर्करोगात पोटात केमोथेरपी देण्यासाठी अनेक शल्यविशारद शिरेसाठी बनवलेले पोर्टच वापरतात. मग साहित्याच्या यादीत ‘व्हीनस पोर्ट’ वाचून कोडर ३६५६१ टाकतो. हा कोड मोठ्या शिरेत टोक असलेल्या पोर्टचा आहे. तेच पोर्ट खालच्या बरगड्यांवर टाके घालून बसवले आणि नळी उदरपोकळीत सोडली, तर कोड ४९४१९. उलट फसगतही होते. बॅक्लोफेन या औषधाचा पंप पोटाच्या कातडीखालीच असतो, पण त्याची नळी पाठीच्या कण्यात जाते. त्यामुळे तो मज्जासंस्थेच्या विभागात येतो: प्रोग्रॅम करता येणाऱ्या पंपाला ६२३६२ आणि नळीला, लॅमिनेक्टमी केली नसेल तर, ६२३५०. छेद पोटावर असला तरी ४९ च्या घराशी त्याचा संबंध नाही.

टोक उदरपोकळीत आहे हे ठरल्यावर दोन प्रश्न उरतात: नळी आत कशी नेली आणि तिला पोर्ट आहे का? इमेजिंगच्या आधाराने, कातडीतून सुई घालून बोगद्यातून नळी बसवली की ४९४१८. यात इमेजिंग धरलेलेच असते, त्याचे वेगळे बिल लावायचे नाही. लॅपरोस्कोपने बसवली की ४९३२४. ओपन शस्त्रक्रियेसाठी ४९४२१ आहे, पण तो फक्त डायलिसिसच्या नळीला. ४९४१८ ला डायलिसिस, केमो आणि जलोदर हे तिन्ही चालतात. ४९४२१ मध्ये मात्र हेतू मध्येच डोकावतो. केमोसाठी पोर्टविना नुसती नळी ओपन पद्धतीने बसवली तर हा कोड बसत नाही. वर्गीकरणाचा निकष असा अर्ध्यावर बदलणे हे या संहितेचे व्यंगच म्हणावे लागेल. म्हणून ‘आयपी (म्हणजे उदरपोकळीतले) कॅथेटर बसवले’ एवढ्या एका ओळीच्या ऑपरेटिव्ह नोटवर अंदाजाने कोड टाकण्यापेक्षा शल्यविशारदाला क्वेरी पाठवावी.

औषध देण्याचा हिशेब वेगळा असतो. पोर्टमधून पोटात केमो सोडण्याचा कोड ९६४४६ असून तो घड्याळावर चालत नाही. शिरेतल्या केमोच्या पहिल्या तासाचा ९६४१३ इथे लावला की क्लेम चुकलाच. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर बेतू नये म्हणून शिरेतून सलाइन देतात. त्याचा ९६३६० मात्र वेळेवर अवलंबून असतो, निदान ३१ मिनिटे हवीत. नर्सने सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ लिहिली नसेल तर तो लावताच येत नाही.

औषधाच्या युनिटमध्ये चूक झाली की ती थेट पैशांत दिसते. सिस्प्लॅटिनच्या जे९०६० चे एक युनिट १० मिलिग्रॅमचे, तर पॅक्लिटॅक्सेलच्या जे९२६७ चे १ मिलिग्रॅमचे. रुग्णाच्या शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरले, तर प्रति चौरस मीटर १०० मिलिग्रॅमप्रमाणे सिस्प्लॅटिन १६० मिलिग्रॅम होते, म्हणजे १६ युनिट. पॅक्लिटॅक्सेल ६० च्या मात्रेने ९६ मिलिग्रॅम, म्हणजे ९६ युनिट. पहिल्या ओळीत सवयीने १६० टाकले की बिल दहापट फुगते.

नळी काढण्याचा ४९४२२ दुर्मीळ समजू नये. जानेवारी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या चाचणीत पोटातली केमो ठरलेल्या स्त्रियांपैकी ४२ टक्क्यांनीच सहाही फेऱ्या पोटातून पूर्ण केल्या, आणि अडचणींमध्ये नळीच्या तक्रारी ठळक होत्या. जंतुसंसर्गामुळे पोर्ट काढले तर निदानाच्या रकान्यात हात आपसूक टी८५.७१ कडे जातो. पण तो डायलिसिसच्या नळीचा आहे. केमोच्या पोर्टला टी८५.७९ लागतो, आणि सोबत कर्करोगाचा कोड कोणत्या बाजूच्या बीजांडकोशाचा आहे हेही पाहावे लागते: उजव्याला सी५६.१, डाव्याला सी५६.२, दोन्हींना सी५६.३.