ट्रॅक्टरच्या पोटातला करार

अमेरिकन लोकांचं जुन्या मोटारींचं वेड आपल्याला माहीत असतं. जुन्या ट्रॅक्टरचं वेडही तितकंच जबरदस्त आहे, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. खेड्याकडच्या जत्रेत गेलात तर एक बुटका, लाल-करडा ट्रॅक्टर हमखास दिसतो. तो म्हणजे फोर्ड ८एन. १९४७ ते १९५२ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले आणि त्यातले कितीतरी आजही गवत कापतात, बर्फ ढकलतात. आणि हो, तेलही गाळतात!

माझी नोकरी द्रवाच्या दाबाशी संबंधित, त्यामुळे ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या ८एनची 'लिफ्ट बसते' म्हणून मला बोलावलं. नांगर वर उचलायचा आणि इंजिन बंद करायचं, की थोड्याच वेळात नांगर जमिनीवर. आपल्याकडचा फिटर ऐकताक्षणी म्हणेल, "साहेब, सील गेलं." बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. पण सील बदलण्याआधी ते तेल जातं कुठे हे पाहायला हवं, आणि ते पाहताना इतिहास समोर येतो.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. बैलाच्या नांगराला रुमणं असतं. जमीन कठीण लागली की शेतकरी हाताने अंदाज घेतो आणि कमी-जास्त दाब देतो. ट्रॅक्टर आला आणि हा हात गेला. नांगर मागे साखळीने ओढायचा. तो दगडात अडकला, की चाकं फिरायची थांबत नसल्याने ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं जायचं. फोर्डच्या जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरखाली चालक चिरडून मेल्याच्या घटना बऱ्याच घडल्या.

आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, हॅरी फर्ग्युसनने, यावर उपाय काढला. नांगर तीन दांड्यांनी जोडायचा: खालचे दोन ओढतात, वरचा एक ट्रॅक्टरला पुढे रेटतो. हा वरचा दांडा एका स्प्रिंगवर टेकतो. जमीन कठीण लागली की स्प्रिंग दबते, झडप हलते, सिलिंडरमध्ये तेल जातं आणि नांगर किंचित वर येतो. रुमण्यावरच्या हाताचं काम तेल आणि स्प्रिंग करू लागले. शिवाय वरच्या दांड्याच्या रेट्यामुळे पुढची चाकं जमिनीला धरून राहतात.

१९३८ साली फर्ग्युसनने डिअरबॉर्नला जाऊन हेन्री फोर्डला हे दाखवलं. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि करार झाला. कागद नाही, सही नाही! १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. ट्रॅक्टर फोर्डने बनवायचा, विकायचा फर्ग्युसनने. पुढे म्हाताऱ्या फोर्डच्या जागी नातू आला, कंपनी तोट्यात होती, आणि १९४७ मध्ये हा तोंडी करार संपवण्यात आला. फोर्डने ८एन काढला; त्यात फर्ग्युसनचीच हायड्रॉलिक पद्धत होती, फर्ग्युसन मात्र नव्हता. १९४८ मध्ये त्याने कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला. १९५२ मध्ये तडजोड झाली: फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर, आणि फोर्डने ठरावीक मुदतीनंतर ती विशिष्ट पंपरचना वापरायची नाही.

आता पुन्हा आपल्या गळक्या ट्रॅक्टरकडे येऊ. ८एनचा पंप मधल्या धडाच्या तळाशी, गिअर आणि मागच्या आसाच्याच तेलात बुडालेला असतो. सगळ्यांना मिळून सुमारे १९ लिटर तेल. तेल शोषून घेण्याच्या वाटेवरच झडप आहे, हीच ती वादग्रस्त रचना. आतली गळती शोधायला ही मांडणी फार सोयीची आहे. उजव्या बाजूचं झाकण काढायचं, टॉर्च मारायचा. तेल वरून, सिलिंडरच्या तोंडातून झिरपत असेल तर पिस्टनचं सील गेलं. खाली पंपाजवळून उसळत असेल तर पंपाचं पॅकिंग किंवा झडप. आमच्या बाबतीत वरून झिरपत होतं. मग सीटखालचं जड झाकण चेनपुलीने उचललं, कारण सिलिंडर त्यालाच खालून जोडलेला असतो. नवं सील, नवं पॅकिंग, आणि नांगर वर थांबला. (असं काम करताना अवजार आधी जमिनीवर टेकवून ठेवायचं. उचललेल्या अवजाराखाली कुणी शिरायचं नाही.)

शेजारच्या शेडमध्ये १९५३ चा फोर्ड होता. त्यात पंप पोटात नाही, बाहेर इंजिनाच्या अंगावर आहे. एक फायदा लगेच दिसतो: ८एनमध्ये क्लच दाबला की पंप थांबतो, यात थांबत नाही. पण जागा बदलायला भाग पाडलं ते त्या तडजोडीने. वकिलांच्या भांडणाचा निकाल असा लोखंडात ओतलेला मी आणखी कुठे पाहिलेला नाही.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, शब्द देणारी माणसं असेपर्यंतच तोंडी करार टिकला. संशोधन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरी, सत्तर वर्षांपूर्वीचं यंत्र मालकाला शेडमध्ये उघडता येतं. आजचे मोठे ट्रॅक्टर संगणकावर चालतात आणि त्यांच्या दुरुस्तीची गुरुकिल्ली कंपनीकडे असते. ती शेतकऱ्यालाही मिळावी म्हणून कोलोरॅडो राज्याला २०२३ मध्ये कायदा करावा लागला. हा प्रश्न आज ना उद्या आपल्या बांधावरही येणार.

फर्ग्युसन तर कधीच आपल्याकडे आलाय. त्याची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली, आणि १९६० साली चेन्नईत स्थापन झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या शेतात आणले. आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, मागे ते तीन दांडे आहेतच. गावी गेलात तर नांगरट चालू असताना वरच्या दांड्याकडे जरूर बघा. असो.