वालूर ते कौन्सिल हॉल, ऑगस्ट १९०१

सन १९०१, ऑगस्ट. निजामी कागदांवर फसली १३१० चालू आहे. तुम्ही वालूरच्या बारवेत उतरताय. पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, विहिरीच्या अंगाने गोल फिरत फिरत उतरतात. दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालाय, म्हणून हात भिंतीला टेकवावा लागतो. वरून येणाऱ्या बाईला वाट देण्यासाठी तुम्ही कडेला सरता. तिच्या डोक्यावर घागर, कडेवर कळशी. तुमच्या काळात ही बारव बघायला लांबलांबून लोक येतात, फोटो काढतात. या घडीला ती गावाचं रोजचं पाणी आहे.

वर येता तेव्हा पारावर माणसं बसलेली दिसतात. बोलणं एकाच गोष्टीचं, छप्पन्नच्या दुष्काळाचं. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० सालचा तो दुष्काळ. बैल विकले गेले, काही दावणीलाच मेले. कुणाचा भाऊ काम शोधत गेला तो परतला नाही. या सगळ्यातून उरलेल्या माणसांना पटवाऱ्याने चावडीवर बोलावलंय. सारा थकलाय.

त्यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे काय, ते नीट बघून घ्या. सरकार म्हणजे आधी पटवारी, मग माली पाटील, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर परभणीचा अव्वल तालुकदार, त्याच्यावर औरंगाबादचा सुभेदार. त्याच्याही पलीकडे, दिसत नाही इतक्या लांब, हैदराबादेत निजाम महबूब अली पाशा. कागद वरून खाली येतो आणि तो उर्दूत असतो. दप्तराची भाषा फारसीची उर्दू होऊन पंधरा-सोळा वर्षं झालीत. पारावर बसलेल्यांना दोन्ही सारख्याच. पटवारी वाचून दाखवतो तेवढंच त्यांना कळतं.

कायदे कुठं होतात, असं इथं कुणाला विचाराल तर उत्तर मिळणार नाही. ते खरं तर हैदराबादेत होतात. महबूब अली पाशांच्या कानूनचा-ए-मुबारक या फर्मानानुसार १८९३ मध्ये तिथं कायदे करण्यासाठी एक कौन्सिल नेमलं गेलं. त्यात हायकोर्टाचे न्यायाधीश आणि निरनिराळ्या खात्यांचे मोठे अंमलदार बसतात. बिनसरकारी माणसांसाठी ठेवलेल्या थोड्या जागांपैकी दोन जहागीरदार-जमीनदारांच्या आणि दोन हायकोर्टाच्या वकिलांच्या. कुणब्याची जागा नाही. परभणीची जागा नाही. मराठवाडा म्हणूनही नाही. सभासदांची ही यादी एका कागदाच्या कोपऱ्यावर मावेल. एक कोटीहून जास्त लोकवस्तीच्या संस्थानाचे कायदे एवढी माणसं करतात, आणि शेवटचा शब्द त्यांचाही नसतो, तो निजामाचा असतो.

पण आज तुम्हाला हैदराबादला जायचं नाही. याच महिन्यात पुण्यात एक बैठक आहे. तिथं शेतकऱ्याच्या जमिनीचाच प्रश्न निघणार आहे, आणि तिचा धागा पुढे वालूरच्या सातबाऱ्यापर्यंत येणार आहे. म्हणून चला.

बैलगाडीतून सेलू गाठायचं. गाडीवान विचारतो, "कुठं निघालाव, पाव्हणं?" पुणं म्हटल्यावर तो मागे वळून तुमच्याकडे बघतो. दोन-तीन वर्षांपूर्वी पुणं गाठायचं म्हणजे जालना, औरंगाबाद करत नांदगावपर्यंत गाडीचेच दिवस मोजावे लागले असते. आता गोदावरी खोऱ्याची रेल्वे झालीय, मनमाड ते सिकंदराबाद. सेलूचं स्टेशन अजून नवं कोरं आहे. लहान रुळांची गाडी परतूर, जालना, औरंगाबाद, लासूर करत मनमाडला पोचते. वाटेत निजामाची हद्द सुटते. करोडगिरीवाले गाठोडी सोडून बघतात, कारण माल हद्दीबाहेर न्यायचा तर जकात आहे. तुमच्या कनवटीचे हाली सिक्के इंग्रजी मुलखात चालत नाहीत. सराफ ते घेतो आणि बदल्यात कमी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, देतो. हाली रुपया कलदारापेक्षा हलका. एकाच भाषेची, एकाच जिराइतीची माणसं या रेषेच्या दोन्ही बाजूंना राहतात, पण रुपया वेगळा, कोर्ट वेगळं, राजा वेगळा.

मनमाडला गाडी बदलायची. मोठ्या रुळांवरून येवला, कोपरगाव, नगर करत दौंड आणि तिथून पुणे. नगरच्या आसपास खिडकीबाहेर जे दिसतं ते ओळखीचंच आहे. छप्पन्नने इथंही काही शिल्लक ठेवलेलं नाही. पुण्यात पाऊस आहे. प्लेग अजून पुरता हटलेला नाही, त्यामुळे स्टेशनावर माणसं एकमेकांपासून अंग चोरून चालतात.

कौन्सिल हॉल स्टेशनापासून लांब नाही. १८७० साली बांधलेली इमारत, वर उंच मनोरा, खाली कमानींचा ओटा. मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला येतं, म्हणून कौन्सिलही इथं भरतं. दारावरच्या चपराशाची नजर तुमच्यावरून तशीच पुढे जाते. तुम्ही या काळातले नाही, त्यामुळे त्याला दिसत नाही. खरा वालूरचा कुणबी इथवर आला असता तर त्याला आत सोडलं असतं का, याचा विचार पायरीवर क्षणभर थांबून करा.

आत अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट आहेत. हे लक्षात ठेवा. राज्य चालवणाराच सभागृहाचा अध्यक्ष आहे. त्याच्या दोन्ही अंगांना कार्यकारी मंडळाचे सभासद आणि इंग्रज अंमलदार. सरकारची मतं आधीच मोजलेली आहेत, जास्त आहेत आणि जास्तच राहतील अशी तजवीज केलेली आहे.

या सभेचा जन्म १८६१ च्या कायद्यातला. पहिली बैठक जानेवारी १८६२ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली, तेव्हा सरकारने नेमलेल्या हिंदी सभासदांत नाना शंकरशेट होते. पुढे तेलंग आणि रानडे आले, तेही नेमणुकीनेच. १८९२ च्या कायद्याने दार थोडं किलकिलं झालं. मुंबईची महानगरपालिका, विद्यापीठ, व्यापाऱ्यांचं चेंबर, दख्खनचे सरदार, विभागांतल्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं यांनी नावं सुचवायची आणि गव्हर्नरने ती नेमायची. 'निवडणूक' हा शब्द कायद्याने मुद्दाम टाळला होता, तरी लोक तिला निवडणूकच म्हणत आणि चुरशीने लढवत. मध्य विभागातून १८९५ मध्ये टिळक असे निवडून गेले, १८९७ मध्ये पुन्हा गेले, आणि त्याच वर्षी जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली तेव्हा ते कौन्सिलचे सभासद होते. आज त्याच मध्य विभागाचे सभासद गोपाळ कृष्ण गोखले आहेत.

सभासदाला करता काय येतं? आधी सूचना देऊन प्रश्न विचारता येतो, पण मिळालेल्या उत्तरावर उलटा प्रश्न करता येत नाही. अंदाजपत्रकावर बोलता येतं, त्यावर मत देता येत नाही. खरं म्हणजे एवढ्याशा अधिकारात या माणसांनी जे अभ्यासपूर्ण काम केलं ते मला आजही थक्क करतं. आकडे पाठ, अहवाल वाचलेले, आणि पराभव ठरलेला असतानाही तयारीत कसर नाही.

आता समोर बघा. पगडी, उपरणं आणि चष्मा, वय पस्तीस, हातात कागदांची चळत, ते गोखले. त्यांच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठे, दाट कल्ल्यांचे, आवाज न चढवताही सभागृह भरून टाकणारे, ते फिरोजशहा मेहता. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेखही बसले आहेत. चाललंय ते सगळं इंग्रजीत. ज्याच्या जमिनीबद्दल चाललंय त्याला यातला एक शब्दही कळला नसता.

विधेयक मांडलंय सरकारतर्फे माँटीथसाहेबांनी. मुंबईच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती. दुष्काळात सारा थकला म्हणून हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारजमा होऊ शकतात. त्या जमिनी पुन्हा द्यायच्या, पण एका नव्या अटीवर. कलेक्टरच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत, गहाण ठेवता येणार नाहीत. सरकार म्हणतं, हे सावकारापासून शेतकऱ्याला वाचवण्यासाठी आहे.

हे ऐकताना तुम्हाला सरकारचं म्हणणं पटायला लागेल. सावकाराने गिळलेली शेतं वालूरच्या शिवारातही आहेत. १८७५ मध्ये सुप्याला आणि भोवतालच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्या याच संतापातून. पण गोखल्यांचं ऐका. त्यांचा मुद्दा असा, की जमीन तारण ठेवता आली नाही तर वाईट सालात बी-बियाण्याला पैसा देणार कोण? सरकार तेवढं कर्ज देणार आहे का? सारा कमी करणार आहे का? साऱ्याचा बोजा आणि वसुलीची सक्ती तशीच ठेवायची आणि मालकीतला विकण्याचा हक्क तेवढा काढून घ्यायचा, म्हणजे शेतकरी आपल्याच शेतात सरकारचा कूळ होतो.

मेहता मागणी करतात, की घाई नको, विधेयक लोकांकडे पाठवा, मतं मागवा. ती फेटाळली जाते. इथं मात्र सभागृहात जे कधी झालं नव्हतं ते होतं. मेहता उठतात. भाटवडेकर, खरे, पारेख उठतात. गोखले आपण अनादराने जात नाही, नाइलाजाने जातो आहोत असं सांगतात आणि उठतात. पाच माणसं दाराकडे चालू लागतात. खुर्च्या सरकल्याचा आवाज, बाहेर पाऊस. गव्हर्नरसमोरून असं उठून जाणं लोकांच्या बाजूच्या सभासदांनी आजवर केलं नव्हतं. त्यांच्या मागे विधेयक मंजूर होतं. तो १९०१ चा मुंबईचा सहावा कायदा.

माझ्या मते त्या दिवशी दोन्ही बाजू शेतकऱ्याबद्दल मनापासून बोलत होत्या, आणि दोन्ही बाजूंना शेतकऱ्याने निवडलेलं नव्हतं. बाहेर पडलेल्या पाचांमध्ये वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक होते. सावकाराला भिऊन आणि सावकारावाचून अडून जगणारा माणूस त्या खोलीत असता, तर त्याने कदाचित तिसरंच काही मागितलं असतं. गोखले-मेहतांचा मोठेपणा याने तसूभर कमी होत नाही. त्यांनी उभं राहायला जागा केली म्हणून पुढच्यांना ती रुंद करता आली.

आता वालूरला परत या, पण १९०१ मध्ये थांबू नका. १९०१ चा तो कायदा निजामाच्या हद्दीत लागू नव्हता. वालूरला त्यातली परवानगीची कल्पना पुढे भेटली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये झाला, मुंबई, मराठवाडा, विदर्भ या तिन्ही ठिकाणच्या जुन्या कायद्यांची जागा त्याने घेतली. त्यात भोगवटादारांचे वर्ग पडले. तुमचा सातबारा काढा. भोगवटादार वर्ग १ लिहिलं असेल तर हस्तांतराला अशी आडकाठी नाही. वर्ग २ असेल तर परवानगी लागते. वर्ग २ च्या जमिनी त्या वर्गात वेगवेगळ्या वाटांनी आल्या, कुणाची इनामाची, कुणाची सीलिंगची, कुणाची सरकारने दिलेली. पण परवानगीवाचून विकता न येणारी जमीन ही जी अट आहे, तिच्यावर मराठी मुलखात समोरासमोर वाद झाला तो त्या पावसाळी दिवशी, कौन्सिल हॉलमध्ये. या अटीचं 'नवी शर्त' हे नाव तलाठ्याच्या कार्यालयात आजही ऐकू येतं.

आणि मतदान? हैदराबाद संस्थान भारतात आलं सप्टेंबर १९४८ मध्ये. एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, जहागीरदार असो की सालदार, हैदराबाद विधानसभेसाठी मत देता आलं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पारावरच्या माणसांच्या नातवंडांना जे मिळालं, ते गोखल्यांनाही मिळालेलं नव्हतं.

वालूर आज जिंतूर विधानसभा मतदारसंघात आहे. तुमचा आमदार प्रश्न विचारू शकतो, उत्तरावर उपप्रश्न करू शकतो, अंदाजपत्रकावर मत देऊ शकतो, आणि हे सगळं मराठीत करू शकतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला भरतं, हिवाळी नागपूरला. पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्याला भेटा. वर्ग २ च्या जमिनींचा, पीककर्जाचा, थकबाकीचा कोणता प्रश्न तो मांडणार आहे ते विचारा, आणि अधिवेशन संपलं की त्याचं काय उत्तर मिळालं तेही विचारा.