इस्त्वार एक्स्त्राऑर्दिनेर

(‘विलक्षण कथा’). १९६८ मध्ये प्रदर्शित झालेला, तीन स्वतंत्र कथांचा फ्रेंच-इटालियन भयपट. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो (१८०९–४९) यांच्या तीन कथांवर तो बेतलेला असून रोजे वादीम, लुई माल आणि फेदेरिको फेलिनी या दिग्दर्शकांनी प्रत्येकी एक भाग केला आहे. निर्माते रेमाँ एजे व आल्बेर्तो ग्रिमाल्दी. लांबी सुमारे दोन तास. इटलीत तो ‘त्रे पास्सी नेल देलिरिओ’, तर इंग्रजीत ‘स्पिरिट्स ऑफ द डेड’ या नावाने ओळखला जातो.

शीर्षक व वाङ्मयीन पार्श्वभूमी : शीर्षक कवी शार्ल बोदलेर यांनी केलेल्या पोच्या कथांच्या अनुवादसंग्रहावरून (१८५६) घेतले आहे. फ्रेंच वाचकांच्या मनात पो रुजला तो मुख्यतः बोदलेर यांच्या भाषेतून. मात्र चित्रपटातील तीनपैकी एकच कथा या संग्रहात आहे. ‘मेट्झेंगर्स्टाइन’ (१८३२) ही पोची पहिली प्रकाशित कथा त्यात आहे; ‘विल्यम विल्सन’ (१८३९) पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या संग्रहात आली; ‘नेव्हर बेट द डेव्हिल युवर हेड’ (१८४१) ही उपहासकथा बोदलेर यांनी अनुवादिलीच नाही.

पहिला भाग, ‘मेट्झेंगर्स्टाइन’ (वादीम) : विलासी आणि क्रूर सरदारकन्या फ्रेदेरिक (जेन फाँडा) हिचा पाय रानात सापळ्यात अडकतो. तिला सोडवणाऱ्या विल्हेल्म या चुलतभावावर (पीटर फाँडा) तिचे मन जडते. त्याने नाकारताच ती त्याच्या तबेल्याला आग लावायला सांगते. घोडे वाचवताना विल्हेल्म जळून मरतो आणि त्याच वेळी तिच्या गढीत एक अनोळखी काळा घोडा येऊन दाखल होतो. भिंतीवरच्या विणलेल्या चित्रपडद्यातला तसाच घोडा जळालेला आढळतो. अखेर त्याच घोड्यावर बसून ती वणव्यात शिरते. पोच्या कथेत नायक तरुण पुरुष असून त्याचा वैरी म्हातारा सरदार आहे. वैराच्या जागी नाकारलेले प्रेम आले ते वादीम यांच्या हातून. मूळ कथेच्या आरंभी आत्म्याच्या देहांतराविषयीच्या श्रद्धेचा उल्लेख आहे. चित्रपट ती श्रद्धा शब्दांत मांडत नाही. सरदारकन्येची घोड्याविषयीची ओढ तेवढी दाखवतो. चित्रीकरण ब्रिटनी प्रांतात झाले. छायालेखन क्लोद रन्वार यांचे.

दुसरा भाग, ‘विल्यम विल्सन’ (माल) : उत्तर इटलीत ऑस्ट्रियाची सत्ता असतानाच्या काळात एक लष्करी अधिकारी (अलँ दलाँ) धापा टाकत चर्चमध्ये शिरतो आणि आपण खून केल्याची कबुली पाद्र्यापुढे देतो. शाळेपासून आपल्याच नावाचा व चेहऱ्याचा एक जण आपल्या प्रत्येक दुष्कृत्याच्या वेळी आडवा येत गेला, असे तो सांगतो. रात्रभर चाललेल्या पत्त्यांच्या डावात तो जुझेप्पीना (ब्रिजित बार्दो) हिला लबाडीने हरवून चाबकाने फोडतो. तेव्हा हाच दुसरा विल्सन ती लबाडी उघड करतो. विल्सन त्याला खंजिराने भोसकतो. कबुलीनंतर तो मनोऱ्यावरून उडी घेतो, आणि खाली पडलेल्या प्रेतात तोच खंजीर रुतलेला दिसतो. कबुली ऐकणारा पाद्री, मनोरा आणि पत्ते खेळणारी बाई हे तिन्ही मूळ कथेत नाहीत. तेथे पत्त्यांचा डाव ऑक्सफर्डमध्ये एका तरुण उमरावाशी होतो. कबुलीच्या चौकटीमुळे पोच्या निवेदकाचे आत्मकथन कॅथलिक पापनिवेदन बनते. हा बदल अर्थपूर्ण आहे, कारण येथे कबुली देऊनही पापमुक्ती मिळत नाही.

तिसरा भाग, ‘टोबी डॅमिट’ (फेलिनी) : समीक्षकांनी सर्वाधिक वाखाणलेला भाग. पटकथा फेलिनी व बेर्नार्दिनो झाप्पोनी, छायालेखन जुझेप्पे रोतुन्नो, संगीत निनो रोता. दारूने खंगलेला इंग्रज नट टोबी (टेरेन्स स्टँप) ख्रिस्ताच्या पुनरागमनावरील ‘कॅथलिक वेस्टर्न’मध्ये काम करण्यासाठी रोमला येतो, मोबदला म्हणून त्याला फेरारी मोटार कबूल केलेली असते. मुलाखतीत तो देवावरचा विश्वास नाकारतो, सैतानावरचा मान्य करतो. त्याचा सैतान म्हणजे पांढरा चेंडू खेळवणारी एक लहान मुलगी. पुरस्कार-समारंभात शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधील स्वगत म्हणताना तो मध्येच कोसळतो. रात्रभर मोटार पिटाळत तो तुटलेल्या पुलापाशी येतो आणि खिंडार ओलांडण्याच्या प्रयत्नात आडव्या तारेने त्याचे शिर उडते.

पोच्या ‘नेव्हर बेट द डेव्हिल युवर हेड’ या कथेतून येथे उरले ते नायकाचे नाव, पूल आणि शिरच्छेद. तेथील सैतानरूपी लंगड्या म्हाताऱ्याच्या जागी मुलगी आली. मारिओ बावा यांच्या ‘ओपेरात्सिओने पाउरा’ (१९६६) या भयपटातही चेंडू खेळणाऱ्या मुलीचे भूत आहे. हे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. मृत्यूनंतरच्या प्रवासाविषयीचा ‘मास्तोर्ना’ हा चित्रपट फेलिनी यांना नुकताच सोडून द्यावा लागला होता. विमानतळावरच्या तांबूस, कोंदट उजेडात त्या अपूर्ण चित्रपटाची छाया दिसते, असे काही अभ्यासक मानतात. टोबी रोममध्ये उतरतो तेव्हाच मेलेला असतो, असेही एक वाचन आहे; चित्रपट त्याला दुजोरा देत नाही, ते खोडूनही काढत नाही.

आशयसूत्र : तिन्ही भागांत परलोक प्रत्यक्ष दाखवलेला नाही. अपराधभावना बाहेर येऊन देह धारण करते : घोडा, प्रतिरूप, मुलगी. शिक्षा देणारा न्यायाधीश कोठेच नाही. अपराधी स्वतःच आगीकडे, मनोऱ्याकडे, पुलाकडे जातो. टोबीचा अपराध मात्र खुनाचा नाही. स्वतःची प्रतिभा उधळल्याचा आहे. त्यामुळे तो भाग अधिक खोल उतरतो.

प्रदर्शन : मे १९६८ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला. फ्रान्समधील आंदोलनामुळे महोत्सव १९ मे रोजी बंद पडला. परीक्षक मंडळातून राजीनामा देणाऱ्यांत माल होते. अमेरिकेतील आवृत्तीत व्हिन्सेंट प्राइस यांच्या आवाजातील निवेदन जोडण्यात आले.

दिग्दर्शकांचे पुढील कार्य : वादीम यांचा ‘बार्बारेला’ त्याच वर्षी आला. फेलिनी-झाप्पोनी जोडीने ‘सातिरिकॉन’ (१९६९) लिहिला. माल १९६८ च्या आरंभी भारतात आले. त्यातून झालेल्या ‘लँद फांतोम’ या सात भागांच्या माहितीपटाचा शेवटचा भाग मुंबईवर आहे.