कात्री कोणाच्या हाती?

आज लढाई नाही, किल्लाही नाही. आज बोलायचे आहे ते कात्रीबद्दल. चित्रपटाच्या आणि व्हिडिओच्या कात्रीबद्दल.

मागच्या एका भागात मी एका लढाईची लोकप्रिय दंतकथा सांगितली, क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "हे खरं... नाही." त्या भागाचे संकलन आम्ही परराज्यातल्या एका फ्रीलान्सरकडे दिले होते. त्याला मराठी येत नव्हते. बोलण्यातल्या रिकाम्या जागा काढा, एवढीच सूचना त्याला होती. ती त्याने चोख पाळली आणि त्या रिकाम्या जागेबरोबर एकटा पडलेला 'नाही'सुद्धा गेला. व्हिडिओत मी ठासून सांगतो आहे, "हे खरं." दुसऱ्याच दिवशी बडोद्याहून एका श्रोत्यांचा फोन आला, "कर्नलसाहेब, तुम्हीसुद्धा?"

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. मराठी न येणाऱ्याला हे कोणी सांगायचे? मीच. प्रसिद्ध होण्याआधी तो भाग मी पाहिला नव्हता. काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही, हे फौजेत मी उमेदवारांना शिकवत होतो आणि स्वतःच विसरलो.

त्यानंतर जुना इतिहास चाळला. चित्रपटाचे काम बाहेर देण्याची रीत आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, भारावले. ते व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पण ती फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती. ती बोटीने लंडनला गेली आणि तिथून तयार होऊन आली. यात बिघडले काहीच नाही. लंडनच्या माणसाला कुस्तीतले डाव कळायची गरज नव्हती. त्याला फक्त फिल्म धुवायची होती.

दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याचीही फिल्म लंडनलाच धुतली गेली. कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि चित्रण होते ते नाटकाचे. पहिल्या भारतीय कथापटाचा मान तोरण्यांना द्यावा की नाही, हा वाद याच कारणांवरून अजून चालतो.

मान मिळाला तो दादासाहेब फाळके यांना. १९१२ च्या सुरुवातीस ते लंडनला गेले ते काम देण्यासाठी नाही, शिकण्यासाठी. येताना कॅमेऱ्याची व्यवस्था करून आले. कच्ची फिल्म येई ती कडेच्या छिद्रांशिवाय. ती छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. सरस्वतीबाई ते शिकल्या, फिल्म धुवायलाही शिकल्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. कॅमेरा परदेशी, फिल्म परदेशी. पण कुठले दृश्य कुठे जोडायचे, हे दादरच्या घरात ठरले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथेच राहून काम करण्याचे बोलावणे त्यांना आले. ते नाकारून ते परतले.

आज ओघ उलटा झाला आहे. परदेशी चित्रपटांची कामे मुंबई, हैदराबाद, चेन्नईकडे येतात. कलाकाराला बांधलेल्या तारा पुसणे, एकेका चौकटीतली आकृती कडेकडेने कापून वेगळी करणे, सपाट चित्राला खोली देणे अशी ही कामे. 'स्टार वॉर्स' मालिकेच्या 'एपिसोड वन'ची २०१२ मध्ये आलेली त्रिमितीय आवृत्ती मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकस या कंपनीने तयार केली. पण ही कामे देणारा दिग्दर्शक कोणता प्रसंग ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे सहसा दुसऱ्यावर सोपवत नाही. चौकटी बाहेर जातात, निर्णय घरी राहतो. सावेदादांपासूनचा मला दिसलेला धडा हाच.

आमचे संकलन आजही बाहेरच होते. आता ते इंदूरचा एक मराठी मुलगा करतो. रंग, आवाज, अक्षरे सारे त्याच्यावर सोडले आहे. मात्र एक शब्द जरी गाळायचा असला तरी तो मला विचारतो आणि शेवटची प्रत मी लिखित मजकूर समोर ठेवून पूर्ण ऐकतो. तास जातो. जाऊ दे. इतिहास सांगणाऱ्याचा एक 'नाही' हरवला, तर ऐकणाऱ्यांच्या घरी खोटी गोष्ट खरी होऊन बसते.

तो जुना भाग आम्ही उतरवला आणि दुरुस्त करून पुन्हा चढवला. ज्यांनी पहिला ऐकला असेल, त्यांच्यासाठी आज पुन्हा सांगतो, आणि या वेळी मध्ये न थांबता: ती दंतकथा खरी नाही.

जय हिंद.